कायद्यात नसलेली अट

प्रति,
डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर परिसरातील कारखानदार व त्यांच्या संघटना,
जिल्हा ठाणे.

विषय : चाळिशी ओलांडलेल्या शिकाऊ उमेदवारांबाबत.



मी विठ्ठलवाडीला राहतो. वय चव्वेचाळीस. फिटर ट्रेडचा आयटीआय दोन वर्षांत पुरा केला आणि सध्या अंबरनाथच्या बाजूला एका लहान कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून नुकताच लागलो आहे. म्हणजे हा अर्ज नव्हे. मला जागा मिळालेली आहे आणि हातात काम आहे, त्यामुळे जरा मोकळेपणानं लिहिता येईल.

जागा शोधत होतो तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गेटवरून परत आलो. नाव कुणाचं घेणार नाही. सगळ्यांनी कारण एकच सांगितलं, आणि बहुतेकांनी ते सौजन्यानं सांगितलं. एका गेटवर वॉचमननं माझा अर्ज हातात घेतला, फोटो बघितला, मला बघितलं आणि विचारलं, "मुलाला का नाही आणलं सोबत?" अर्ज माझाच आहे म्हटल्यावर त्यानं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि सूचनाफलकाकडे बोट दाखवलं. फलकावर लिहिलं होतं, वय १८ ते २५.

ही अट येते कुठून याचा शोध घ्यायचा म्हणून मी कायदा वाचला. वीसएक वर्षं स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळल्यामुळे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्यात कमीत कमी वय आहे १४, धोकादायक उद्योग असेल तर १८. त्याशिवाय ट्रेडला लागणारं शिक्षण हवं आणि शरीर कामाला धड हवं. वरचं वय कुठेही नाही. आयटीआयच्या प्रवेशालाही महाराष्ट्रात वरची अट नाही, नाहीतर मी तिथल्या बाकावर बसलोच नसतो. सरकार मला शिकवायला तयार आहे, कायदा मला कारखान्यात उभं करायला तयार आहे, आणि मधल्या गेटवर एक रंगवलेला फलक आहे.

२०१९ च्या नियमांप्रमाणे कंत्राटी माणसं धरून ३० किंवा त्याहून अधिक लोक जिथे काम करतात, तिथे एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या कारखान्याला ते ऐच्छिक. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, कारण अडीच टक्के भरताना तुमच्या एचआरची दमछाक होते हे मी तुमच्याच माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. पोरं नोंदणी करतात आणि येत नाहीत. आली तर तिसऱ्या महिन्यात डिलिव्हरीच्या कामाला जातात, कारण तिथे रोज पैसे सुटतात. एकीकडे जागा रिकामी असल्याची ओरड आणि दुसरीकडे दारात उभ्या माणसाला वय विचारून परत पाठवणं, हे दोन्ही एकाच ऑफिसात एकाच दिवशी घडतं. मला शेवटी घेतलं ते ज्याला कायद्यानं सक्तीच नव्हती अशा कारखान्यानं. शेठनं जन्मतारीख बघितली आणि विचारलं, "शनिवारी येणार का?" येणार म्हणालो. झाली मुलाखत.

पंचविशीची अट तुम्हीही कुठून तरी उचललेली असणार. माझा संशय रेल्वेवर आहे. मध्य रेल्वेची अप्रेंटिसची जाहिरात निघते तेव्हा कल्याणची लोकोशेड, कुर्ला, परळ आणि माटुंग्याचं वर्कशॉप अशी नावं वाचून आमच्या भागातल्या घराघरांत मार्कशीट शोधल्या जातात. तिथे वय १५ ते २४, राखीव गटांना थोडी सवलत. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. रेल्वेला ते परवडतं, कारण तिच्या दारात लाखो अर्ज येऊन पडतात आणि चाळणी कुठेतरी लावावीच लागते. तुमच्या दारात लाखो अर्ज येत नाहीत. तरी चाळणी मात्र तिचीच वापरता.

सरकारचं वागणंही एकसारखं नाही, हे कबूल करायला हवं. केंद्राची शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, स्वतः उचलते, पण पस्तिशीपर्यंतच. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २१ ते २४ वयाची. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ ची. ज्याला 'युवा' म्हणता येत नाही त्याला शिकायची गरज नसते, असं कुणीतरी मंत्रालयात ठरवून टाकलेलं दिसतं. गंमत अशी की हेच राज्य सरकार स्वतःच्या नोकरीत नवा माणूस खुल्या गटातून ३८ पर्यंत आणि मागासवर्गातून ४३ पर्यंत घेतं. त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस सरकारी कचेरीत नवं काम शिकू शकतो, पण ड्रिल मशीनवर शिकू शकत नाही, याला काय म्हणावं?

जरा मागे जाऊ. माझं घर जिथे आहे तिथे कल्याण कुठे संपतं आणि उल्हासनगर कुठे सुरू होतं हे जुन्या रहिवाशालाही बोट ठेवून सांगता येत नाही. फाळणीनंतर सिंधमधून निघालेले सुमारे एक लाख लोक इथल्या ओस पडलेल्या लष्करी छावणीत येऊन उतरले. कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं ते ऑगस्ट १९४९ मध्ये. आलेल्यांत दुकानदार होते, जमीनदार होते, कारकून होते, आणि त्यांतले कितीतरी घरसंसार असलेले, पोक्त वयाचे. पन्नाशीच्या माणसानं पत्रा कापायला, शिलाई मारायला, साचा पाडायला शिकायचं ते तिथे बराकीतच. त्यांना कुणी वय विचारलं नाही, कारण विचारून उपयोग नव्हता. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्या विनोदामागे हजारो प्रौढ माणसांची शिकाऊ उमेदवारी आहे हे कुणी सांगत नाही.

आयटीआयचं मूळसुद्धा कोवळ्या पोरांत नाही. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, जुलै १९४५ मध्ये, दिल्लीत पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय सुरू झालं, सैन्यातून सुटून आलेल्या जवानांना आणि युद्धकामावरून कमी झालेल्या कामगारांना पुन्हा कामाला लावायला. फाळणीनंतर त्याच यंत्रणेकडे निर्वासितांचं काम आलं. मग १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, जिच्यातून पुढे गावोगावच्या आयटीआय उभ्या राहिल्या. म्हणजे ज्या यंत्रणेनं मला कानस हातात धरायला शिकवलं ती यंत्रणा मुळात एकदा आयुष्य मोडून आलेल्या, दाढीमिशीच्या माणसांसाठी उभी राहिली होती. दहावी नापास पोरांची सोय ही तिची ओळख नंतरची.

आणि आपल्या भागात आयुष्य मोडून आलेली माणसं १९४९ मध्ये संपली नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांतले कितीतरी कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतून सकाळची गाडी पकडणारे होते. मोहोन्याचा एनआरसी हा कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि हजारो घरांत कर्ता पुरुष भर उमेदीत घरी बसला. त्यांतले बरेच जण पंप उघडायचे, व्हॉल्व्ह बसवायचे, बॉयलरचा आवाज ऐकून बिघाड सांगायचे. पुढे ते कुठे दिसले? सोसायटीच्या गेटवर, रिक्षात, वडापावच्या गाडीमागे. त्या कामांत कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या बोटांत अर्धा धंदा आधीच आहे त्याला वर्षभर हाताशी धरून उरलेला अर्धा शिकवायचा, ही साधी गोष्ट आपल्याकडे कुणाच्या डोक्यात आली नाही, आणि आली असती तरी फलक आडवा आला असता.

माझी गोष्ट एवढी मोठी नाही. मी ज्या छोट्या कंपनीत स्टोअर सांभाळत होतो ती परराज्यात गेली. हिशेब मिळाला, निरोप समारंभ झाला, घड्याळ मिळालं. पुढचे काही महिने मी लोकांना सांगत होतो की बघतोय काहीतरी. खरं म्हणजे जे बघायचं ते मी आधीच बघून ठेवलेलं होतं. आमच्याकडे मेंटेनन्सचा एक म्हातारा फिटर होता. बेअरिंग मागायला आला की तो नंबर सांगायचा नाही, शाफ्ट कसा वाजतोय ते तोंडानं वाजवून दाखवायचा, आणि मी कपाटातून बरोबर डबा काढायचो. वीस वर्षं माणसाला बेअरिंगचा नंबर पाठ असतो आणि ते बसवता येत नाही, ही बोच काय असते ते स्टोअरवाल्यालाच कळेल.

आयटीआयत पहिल्या दिवशी वर्गातली पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं नवे सर आले. नंतर मी 'काका' झालो तो शेवटपर्यंत. आमचे शिल्पनिदेशक माझ्याहून बऱ्याच वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला 'अहो' म्हणायचे, आणि कानस चुकीची धरली की 'अहो' तेवढं गळून पडायचं. पहिले कित्येक आठवडे फक्त कानस. मऊ पोलादाचा एक तुकडा वाईसमध्ये धरायचा आणि त्याची एक बाजू सपाट करायची, बस. ऐकायला सोपं वाटतं. पण हात खांद्यातून झोका घेतो, त्यामुळे कानस दोन्ही टोकांना खाली दबते आणि तुकडा कडांना झिजून मध्ये कासवाच्या पाठीसारखा उंच राहतो. गुण्या लावून उजेडाकडे धरला की खालून दोन्ही बाजूंनी प्रकाशाची फट दिसते. डावा पाय पुढे, वजन पुढच्या पायावर, पुढे जाताना दाब, मागे येताना हलकं. कानस आडवी-उभी फिरवत उंचवटा शोधायचा. पोरांना चार दिवसांत कंटाळा आला. मला नाही आला. त्यात माझा मोठेपणा नाही. माझ्या वयाला आल्यावर, केलं तेवढं दिसतं असं काम माणसाला क्वचितच मिळतं.

अडचणी आल्या त्याही सांगतो, म्हणजे हे पत्र एकांगी होणार नाही. सर्वांत मोठी अडचण डोळ्यांची. व्हर्निअर कॅलिपरवर ०.०२ मिमीपर्यंत माप वाचायचं असतं. वरच्या पट्टीची कोणती रेघ खालच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते बघायचं. माझ्या चाळिशीतून शेजारशेजारच्या तीन रेघा जुळलेल्या दिसायच्या. पोरं झटकन वाचून मोकळी, आणि मी अजून पट्टी तिरकी करून बघतोय. मग उल्हासनगरच्या बाजारातून एक भिंग आणलं आणि बेंचवर दिवा मागून घेतला. नंतर तीच पोरं माझं भिंग मागायची. दुसरी अडचण गणिताची. वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये साइन बारचा प्रश्न आला आणि मला त्रिकोणमितीचं नावही धड आठवेना. त्या वर्षी मुलगा दहावीत होता. एकाच टेबलावर एकाच धड्याला आम्ही दोघं बसलो. त्याला उत्तर यायचं, पण ते कशासाठी काढायचं ते कळत नव्हतं. मला कशासाठी ते कळत होतं, पण उत्तर यायचं नाही. गुडघ्यांचं सांगत नाही, ते तुमचेही दुखतच असतील.

आता तुमचे आक्षेप. ते मी तुमच्याच तोंडून ऐकलेले आहेत, त्यामुळे तर्क करावा लागत नाही.

पहिला आक्षेप, पोरांच्या हाताखाली मोठ्या माणसाला काम करायला लाज वाटेल. सध्या मी ज्याच्या हाताखाली आहे तो ऑपरेटर सव्वीस वर्षांचा आहे. पहिल्या आठवड्यात मला काही सांगायचं झालं की तो आधी दुसऱ्या पोराला सांगायचा आणि मी ऐकावं अशी अपेक्षा करायचा. एके दिवशी मी आटे पाडत होतो. टॅप अडला तरी जोर लावत होतो. तो लांबून ओरडला, "काका, उलटा फिरवा, मोडेल!" मी उलटा फिरवला, किस निघून गेला, टॅप वाचला. त्यानंतर त्याचा संकोच गेला. लाज त्यालाच जास्त वाटत होती. ज्यानं चाळिशीत पोरांबरोबर बाकावर बसून आयटीआय केला त्याची लाज प्रवेश अर्जाच्या दिवशीच उरकलेली असते. तुम्हाला काळजी घ्यायची असेल तर त्या सव्वीस वर्षांच्या पोराची घ्या. त्याला कुणीतरी सांगा की मोठ्या माणसाची चूक दाखवणं हा उद्धटपणा नाही, ते त्याचं कामच आहे.

दुसरा आक्षेप, शिकवून झाल्यावर हा परमनंट मागेल, युनियन करेल. कायद्यानं शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, तो प्रशिक्षणार्थी आहे. करार असतो, त्याची नोंदणी असते, मुदत संपली की तो संपतो. पुढे नोकरी द्यायची की नाही हे तुमच्या धोरणावर. मला हे माहीत आहे कारण सही करण्याआधी मी करार वाचला. आणि इथे स्पष्ट बोलतो : काही ठिकाणी पंचविशीच्या आतलाच हवा असतो तो यासाठीच की तो करार वाचत नाही. त्याला शिकाऊ म्हणून घ्यायचं, एका मशीनला जुंपायचं, वर्षभर तोच एक पार्ट काढून घ्यायचा आणि वर्ष संपलं की पुढची बॅच. माझ्या वयाचा माणूस विचारतो की माझ्या प्रशिक्षणाची नोंदवही कुठे आहे, ग्राइंडिंगला कधी पाठवणार, परवानगीशिवाय ओव्हरटाइम कसा लावता. हा आक्षेप तुम्ही उघड बोलत नाही, पण तो आहे. शेजारचे चांगले कारखानदार यामुळेच बदनाम होतात हेही तुम्हाला माहीत आहे.

तिसरा आक्षेप खरा आहे, तब्येतीचा. मशीनजवळ चक्कर येऊन पडलो तर? त्यासाठी कायद्यातच शारीरिक क्षमतेची अट ठेवलेली आहे. तपासा ना. डोळे तपासा, कान तपासा, रक्तदाब बघा, साखर बघा. ज्याला जमणार नाही त्याला स्पष्ट नाही म्हणा, आणि पंचविशीचा असेल तर त्यालाही म्हणा. जन्मतारखेवरून रक्तदाब कळत नाही. दुसरी बाजूही बघा. डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट ज्यांनी आपल्या खिडकीच्या काचांवर ऐकले आहेत ते लोक गार्ड काढून मशीन चालवत नाहीत. घरी वाट बघणारी तीन माणसं असली की हात आपोआप जपून पुढे जातो. पोराला हे सुरक्षेच्या वर्गात सांगावं लागतं.

मोठ्या माणसाचा तुम्हाला उपयोग काय, हे मी सांगणं म्हणजे स्वतःची जाहिरात होईल. म्हणून एकच प्रसंग. गेल्या महिन्यात आमच्याकडे एका फ्लँजला भोकं पाडायची होती. ड्रॉइंगवर माप एक, आणि स्टोअरमधून आलेली ड्रिल बिट त्याच्या पुढच्या मापाची. डब्यात दोन मापं एकत्र पडली होती आणि दांड्यावरचा नंबर झिजलेला. पोरानं चकमध्ये धरली होती. मी मायक्रोमीटर लावायला सांगितलं. फिटर म्हणून माझी अक्कल अजून कच्चीच आहे. हे मला स्टोअरवाला म्हणून सुचलं. एक भोक मोठं पडलं तर तो फ्लँज भंगारात, त्याबरोबर त्याच्यावर आधी झालेलं टर्निंग भंगारात, आणि संध्याकाळी दारात टेम्पो उभा राहून त्याचं वेटिंग वेगळं, हे सगळं मला एका क्षणात दिसतं. वीस वर्षं त्या टेम्पोच्या ड्रायव्हरची बोलणी मीच खाल्ली आहेत. विद्यावेतनाच्या पैशात तुम्हाला हा अनुभव फुकट मिळतो. त्यानंतर शेठनं मला शनिवारी टूल-क्रिब लावायला दिलं. तेही शिकण्यातच धरतो.

आता पैशाचं बोलू. इथे मात्र मी तुमच्याकडे काही मागणार आहे. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला ठरवलेलं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये. पदवीधराला ९,०००. अठराव्या वर्षी घरी जेवून, वर खर्चाला सात हजार म्हणजे बरे. माझ्याकडे घराचा हप्ता, मुलाचा क्लास, आईचं औषध. बायको उल्हासनगरात जीन्सच्या शिलाईला जाते. तिच्या पगारावर घर चालतं आणि माझ्या विद्यावेतनावर घर थोडं कमी चालतं, असं आमच्यात म्हणतात. रात्री मी एका औषधाच्या दुकानाचा स्टॉक लिहितो. हे सगळ्यांना जमणार नाही. माझ्या ओळखीचे निदान दोघंजण आयटीआयचा फॉर्म आणून परत ठेवून बसले, ते या एका आकड्यामुळे. पण सात हजार ही खालची रेघ आहे, वरची नाही. जास्त द्यायला कुणी हात धरलेला नाही. चाळिशीच्या माणसाला चार हजार वर दिलेत तर तो वर्षभर टिकेल. त्याच्या जागी वर्षात तीन पोरं येऊन गेली तर प्रत्येकाचा युनिफॉर्म, बूट, मेडिकल आणि पहिल्या दोन महिन्यांतलं वाया गेलेलं मटेरियल यांचा हिशेब तुमचा अकाउंटंट करून देईल. पैसे देणं जमणार नसेल तर वेळ द्या. पहिली शिफ्ट कायम ठेवा, म्हणजे संध्याकाळी दुसरं काही करता येतं. आठवड्याला शिफ्ट फिरली की आमच्यासारख्यांचं जोडकाम सुटतं, आणि मग त्यासोबत प्रशिक्षणही सुटतं.

राज्य सरकारकडे आणि दिल्लीकडे जी मागणी जायला हवी ती तुमच्या संघटनांच्या लेटरहेडवर गेली तर ऐकली जाईल, माझ्या ऐकली जाणार नाही. प्रोत्साहन योजनेतली पस्तिशीची रेघ पुसा, एवढीच मागणी. कायद्यात वय नाही तर कायद्याखालच्या अनुदानात ते कशाला? इंग्लंडमध्येही एकेकाळी सरकारी पैशावरची अप्रेंटिसशिप पंचविशीच्या आतच होती. ती मर्यादा त्यांनी दोन दशकांपूर्वी काढली. आज तिथे नव्यानं अप्रेंटिस होणाऱ्यांत पंचवीस किंवा त्याहून मोठ्यांचा वाटा जवळपास निम्मा आहे. तिकडेही तक्रारी आहेत, की कंपन्या जुन्याच कर्मचाऱ्यांना कागदोपत्री अप्रेंटिस करून पैसे लाटतात आणि नव्या पोरांची जागा खातात. ती तक्रार मला खरी वाटते, आणि म्हणून मी मोठ्यांसाठी राखीव कोटा मागत नाही. पोरांची जागा मला नको. तुमच्या अडीच टक्क्यांत जी दर वर्षी रिकामी राहते ती चालेल.

तुमच्या समारंभांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव निघतंच. १९१० मध्ये त्यांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवायला घेतली तेव्हा ते स्वतः चाळिशीचे होते; त्याआधी मुंबईत ड्रॉइंग शिकवणारे मास्तर, मग बेळगावात सायकलीचे दुकानदार. त्या माळावर आयटीआय झालेली पोरं रांगेत उभी नव्हती. जी माणसं मिळाली त्यांना कामावरच शिकवून त्यांनी नांगर आणि पंप काढले. भाषणात त्यांचं नाव घेताना एवढं जोडून घेत जा.

माझी गाडी सकाळी मुंबईच्या उलट दिशेला जाते, त्यामुळे बसायला मिळतं. त्या डब्यात माझ्यासारखे आणखी आहेत. एक जण बंद पडलेल्या छापखान्यातला, एक जण पंचेचाळिशीत वेल्डिंगचं एका वर्षाचं सर्टिफिकेट घेतलेला, एक बाई इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करते आहे, तिचा मुलगा कॉलेजात आहे. अंबरनाथपर्यंत आम्ही मापांची आणि ड्रॉइंगची बोलणी करतो आणि समोरची कॉलेजची पोरं हेडफोन काढून बघत राहतात. ही माणसं पुढच्या वर्षी तुमच्या गेटवर येणार आहेत.

त्यांनी आणलेला अर्ज आत घ्या आणि माणसाला एकदा बेंचवर उभं करा. हातात कानस आणि एक तुकडा द्या, अर्धा तास द्या, गुण्या लावून बघा. ते न जमल्यास फलकावर 'वय १८ ते २५' खुशाल राहू द्या. फक्त ते कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमानुसार, एवढं त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहा. आमच्याकडे भिंग आहे.

आपला,
एक शिकाऊ उमेदवार (फिटर),
विठ्ठलवाडी